रिस्ते, दोनदा

हिऊमा बेटावर नोव्हेंबरात चार वाजताच अंधारतं.
एल्फ्रीडा आत्या दिवा लावते,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवते.
"बघ बाई, तुला काय सापडतंय ते.
मला तर नुसती बटणंच दिसतात."

बटणं आहेतच. सतरा.
एक शिंगाचं, चिरलेलं.
त्यांच्याखाली भूर्जाच्या सालीचा एक तरंगा,
जाळ्याला बांधायचा,
आणि त्यावर चाकूनं कोरलेली आमच्या घराची खूण:
दोन तिरप्या रेघा, एक आडवी.

पणजोबाला सही येत नव्हती.
हीच खूण त्याच्या वल्ह्यावर, दाताळ्यावर,
मेंढ्यांच्या कानांत,
आणि चर्चच्या वहीतही, जिथं नाव लिहायचं तिथं.
शाई तिथं फुटली आहे.
वल्ह्यावर दाबायची सवय, कागदावर तेवढाच जोर.

त्या वहीच्या नकला माझ्या मांडीवर.
आधी जर्मन पाद्र्याचं काटेरी अक्षर,
मग झारच्या हुकमानं रशियन,
मग एकदाचं आमच्या भाषेत.
तिन्हींत आम्ही जन्मलो, तिन्हींत मेलो.
मरणं जरा जास्त सावकाश लिहिलेली.

१९११, ऑक्टोबर. रिस्ते, कोळ्याची मुलगी.
तारीख जुन्या पंचांगाची, तेरा दिवस मागे.
मी पेन्सिलीनं समासात लिहिलं: आजी.
पान उलटलं.
१९१३, फेब्रुवारी. रिस्ते. तोच बाप, तेच घर.
घटसर्प. वय एक वर्ष चार महिने.

बोट तिथंच राहिलं.
जिनं मला हातमोजे विणायला शिकवलं,
अंगठ्याशी टाके कसे सोडायचे ते दाखवलं,
ती दीड वर्षाचीही न होता गेली होती.

"कॉफीत दूध?" आत्यानं आतून विचारलं.

मी आणखी एक पान उलटलं.
१९१४. पुन्हा रिस्ते.
थोरलीचं झबलं धाकटीला घालतात, तसं नाव.
धुऊन, वाळवून,
कदाचित अंगाला थोडं सैल.

"हो, ते होतंच," आत्या म्हणाली,
जणू दुधाचा हिशेब सांगावा.
"लढाईनंतर पासपोर्ट करायला कारकून आला.
त्यानं वही उघडली, पहिली रिस्ते दिसली, उतरवून घेतली.
पुढची पानं कोण उलटतो?
आई गप्प राहिली.
त्या दिवसांत कचेरीत चूक दाखवायला गेलेला
संध्याकाळी घरी येईलच असं नव्हतं."
कपात साखर ढवळत ती जरा हसली.
"पेन्शन मात्र तीन वर्षं आधी सुरू झालं.
म्हणायची, ताईनं दिलंय."

केकवरच्या मेणबत्त्या आजी कधी फुंकायची नाही.
आम्हा पोरांना पुढं ढकलायची,
"तुम्हीच फुंका रे, मला कुठं दम आहे."
दम होता.
कुंपणापाशी उभी राहून हाक मारली
की पार खाडीच्या टोकाची गुरं माना वळवायची.

"मग आता दगड बदलायचा का?" आत्या विचारते.
"पाथरवट पैसे मागेल. आणि थंडीत तो येतही नाही."

चर्चमागे, पाइनच्या झाडांखाली, शेवाळलेला दगड:
रिस्ते, १९११ ते १९८९.
उन्हाळ्यात मीच ब्रशनं घासला होता तो,
आकडे नीट दिसेपर्यंत.

"राहू दे," मी म्हणते. "बरोबर आहे."
जन्म एकीचा, मरण दुसरीचं.
धाकटीनं थोरलीला अठ्ठ्याहत्तर वर्षं जगवलं,
आणि आम्ही दरवर्षी केक खाल्ला.

समासातलं "आजी" खोडायला रबर हातात घेतलं,
ठेवून दिलं.

आत्या बटणं परत डब्यात भरते.
एकेक, मोठ्यानं मोजत.
सोळा.
पुन्हा मोजते. सोळाच.
दिवा टेबलावरून खाली जमिनीवर ठेवून
आम्ही दोघी वाकतो.